कर्णिकबाई आणि शिंपल्याची मशीन

कर्णिकबाई कोणाच्याही घरी गेल्या की आधी बसत नसत. चपला काढता काढता त्यांची नजर घरभर फिरे. एखाद्या कोपऱ्यात, खिडकीखाली किंवा कपाटाच्या आडोशाला जुन्या साडीच्या तुकड्याखाली झाकलेला तो ओळखीचा उंचवटा दिसला, की बाई सरळ तिकडे जात आणि कापड उचलत. घरातली माणसं "या, बसा" म्हणेपर्यंत बाईंनी शिलाई मशीनचं चाक अर्धं फिरवून पाहिलेलं असे. मग त्या वाकून मशीनचा वास घेत.

"खोबरेल घातलंय कोणी यात?"

पुष्कळ घरांत खोबरेलच घातलेलं असे. मग गुन्हेगार पुढे येईपर्यंत बाई चहाला हात लावत नसत.

पनवेलला वडाळे तळ्याच्या मागच्या गल्लीत आमची जुनी तीन मजली इमारत होती. तिच्या तळमजल्यावर बाई राहत आणि पुढच्या खोलीत शिवणवर्ग चालवत. मी त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. मी शाळेत शिकवत होते. बाईंच्या लेखी त्याला फारसं महत्त्व नव्हतं. माझ्याकडे स्कूटी होती, याला होतं. पनवेलपासून उरणपर्यंत कुठेही जुनी मशीन निघाली की बाईंना बोलावणं येई आणि बाई मला बोलावत. मी गाडी बाहेर काढेपर्यंत त्या पदर खोचून, पर्स पोटाशी धरून फाटकात उभ्या असत. गळ्यात टेप असे. ती काढायची त्यांना आठवण राहत नसे. एका लग्नात तर त्या मोत्याच्या माळेवरून टेप घालून आल्या होत्या आणि फोटोतही तशाच आल्या.

मशीनची विद्या त्यांना वडिलांकडून मिळाली होती. ते एका विलायती मशीन कंपनीचे एजंट होते. पनवेल, उरण, पेण अशी त्यांची फिरती असे, कधी सायकलवरून, कधी होडीतून. लहानपणी बाई त्यांच्या मागे कॅरिअरवर बसून हिंडल्या होत्या. त्यामुळे आत फिरणारं शटल लांबट होडीसारखं आहे की गोल, अंगावरची सोनेरी वेलबुट्टी छापाची की हाताची, नंबर कोरलेला की नंतर ठोकलेला, एवढ्यावरून त्या मशीनचं गोत्र सांगत. सांगण्यात नम्रता नावालाही नसे. "चूक असेल तर दाखव," असं त्या वर म्हणत. दाखवणार कोण?

लोकांना मात्र गोत्र नको असायचं, किंमत हवी असायची. टीव्हीवर जुन्या वस्तूंचे लिलाव दिसायला लागले होते आणि आपल्याही माळ्यावर नशीब धूळ खात पडलं आहे, असं ज्याला त्याला वाटू लागलं होतं. बाई मशीन नीट तपासत, त्या मशीनचा जन्म, कुळ, प्रवास सगळं सांगत. समोरच्याचा चेहरा खुलत जाई. मग तो हळूच विचारी, "म्हणजे काय किंमत येईल, बाई?"

"वापरा," बाई म्हणत.

ही त्यांची कायमची किंमत. अशा मशिनी हजारोंनी बनल्या, अजून चालतात, म्हणून तर त्या दुर्मीळ नाहीत, असं त्यांचं म्हणणं. स्वतः बाई लुधियानाची साधी काळी मशीन वापरत. का, असं मी एकदा विचारलं. "पार्ट मिळतात," म्हणाल्या.

आमच्या इमारतीतले जोगळेकरकाका गेले, तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघी भेटायला गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. काका गेल्यापासून त्या कोणाशी धड बोलल्या नव्हत्या. बाई थोडा वेळ शेजारी बसल्या. मग त्यांची चुळबुळ सुरू झाली. मी डोळे वटारले, तरी त्या उठल्याच आणि खिडकीखालच्या मशीनवरचं कापड त्यांनी उचललं. खोलीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"ही काकांनी आणली होती का?" बाईंनी विचारलं.

काकूंनी मान हलवली. "ओळखीच्या माणसाकडची जुनी मिळाली, म्हणाले होते. स्वस्तात."

बाई मशीनच्या खाली डोकं घालून पाहत होत्या. तिथूनच बोलल्या, "खोटं बोलले. ही दुकानातून कोरी घेतलेली आहे. जुन्या बाजारात मशीन आधी उघडतात, साफ करतात, मग विकतात. या दोन स्क्रूंवरचा मूळ रंग अजून मोडलेला नाही."

काकू ताठ बसल्या. "कोरी? त्यांचा पगार तो केवढा तेव्हा!"

"ते मला काय माहीत? मशीन कोरी आहे, एवढं मला माहीत."

"अहो, मी जन्मभर त्यांना ऐकवलं, माझ्या माहेरी नवी मशीन होती आणि तुम्ही दुसऱ्याची आणलीत म्हणून!" काकू म्हणाल्या, आणि रडू लागल्या. रडता रडता मधेच त्यांना हसू आलं. "एका शब्दानं बोलले नाहीत हो!"

गल्लीत मात्र गोष्ट वेगळीच पसरली. कर्णिकबाई दुखवट्याला गेल्या आणि मयताच्या घरच्या मशीनचा भाव करून आल्या, अशी.

मग ती लाल पाऱ्याची आवई उठली. आखातात कामाला गेलेल्या कोणीतरी फोनवर सांगितलं, असं म्हणत. जुन्या विलायती मशीनच्या सुईत लाल पारा असतो, तो बॉम्बला लागतो आणि परदेशातले लोक त्यासाठी वाटेल तेवढे पैसे मोजतात. ओळखायची रीतही ठरलेली होती. मोबाइल सुईजवळ न्यायचा. रेंज गेली, तर पारा आहे.

एका सकाळी सुकापूरचे नामदेवशेठ भल्या मोठ्या गाडीतून पाच मशिनी घेऊन आले. जमिनीवर इमारती उठवून शेठ झालेले गृहस्थ. गळ्यात जाड चेन, स्वभावानं मात्र भाबडे. मशिनी त्यांनी मेव्हण्यांकडून, चुलत्यांकडून गोळा केल्या होत्या. त्या बाईंच्या मागच्या खोलीत उतरवून घेतल्या गेल्या.

"बाय, तुमी फक्त हो बोला. गिऱ्हाईक तयार हाय," शेठ म्हणाले. त्यांनी मोबाइल पहिल्या मशीनच्या सुईपाशी धरला. रेंज गेली. दुसऱ्या मशीनपाशी धरला. तिथंही नाही. तिसरीपाशी शेठनी मोबाइलला दुसराही हात लावला. पाचही मशिनींत पारा निघाला! शेठ मटकन स्टुलावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

बाईंनी पाणी दिलं. मग त्यांच्या हातातला मोबाइल घेऊन त्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी गेल्या. मिक्सरपाशी धरला. "इथे पण पारा." लोणच्याच्या बरणीपाशी धरला. "इथे पण." शेवटी मोबाइल शेठच्या छातीशी धरून म्हणाल्या, "शेठ, तुमच्यात तर ठासून भरलाय."

"म्हणजे कसा?"

"अहो, या मागच्या बाजूला रेंजच येत नाही. मी फोन घ्यायला बाथरूमच्या खिडकीशी जाते."

नामदेवशेठ आपल्या मशिनींकडे वळले. "मग यांचा काय करू?"

"वापरा," बाई म्हणाल्या.

शेठ समजूतदारपणे परत गेले. पण त्यांच्या ड्रायव्हरनं अर्धंच ऐकलं असावं. आठवड्याभरात पनवेलात बातमी झाली, की कर्णिकबाईंच्या घरात इतका लाल पारा आहे की सगळ्या तळमजल्याला रेंज येत नाही. त्यानंतर कितीतरी दिवस अनोळखी माणसं गल्लीत येऊन, मोबाइल वर धरून, बाईंच्या खिडकीसमोरून फेऱ्या मारत होती. बाईंनी शेवटी खिडकीला पडदा शिवला.

बाईंच्या खरेपणाची कीर्ती मात्र या प्रकारानं फार वाढली. जी बाई नामदेवशेठला तोंडावर नाही म्हणते, ती कोणालाच फसवणार नाही, असं लोक म्हणू लागले. त्यामुळेच उलव्याच्या बाजूचा बाळाराम त्यांच्याकडे आला.

विमानतळासाठी जमिनी जात होत्या. बाळाराम आणि त्याच्या धाकट्या भावाचीही गेली होती, आणि बदल्यात त्यांचं चांगलंच झालं होतं. त्यांची बहीण मंदा उरणजवळ करंज्याला दिलेली. तिनं जमिनीवरचा हक्क सोडून दिला होता, सहीला एकदाही मागेपुढे पाहिलं नव्हतं. तिनं फक्त आईची शिलाई मशीन मागितली होती.

"मग द्या की," बाई म्हणाल्या.

बाळाराम घुटमळला. "द्यायलाच पायजे, बाय. पण लोक काय काय बोलतात. उद्या ती लाखाची निघाली, तर आमीच येडे ठरू ना? तुमी एकदा बघा. तुमचा शब्द आमाला मान्य."

आम्ही स्कूटीवरून गेलो. चारी बाजूंना खोदकाम आणि क्रेन, हवेत सिमेंट. रस्ता कालचा आज सापडेल याची खात्री नाही. भावांचा नवा बंगला गुलाबी होता. पोर्चमध्ये दोन गाड्या होत्या आणि त्यांच्या मधे ताडपत्रीखाली, लोखंडी स्टँडसकट, मशीन. दोघे भाऊ उभे होते. मंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, माहेरी असून पाहुण्यासारखी. चाळिशीची, सावळी, हातात ओलं फडकं.

बाळारामनं ताडपत्री काढली. मी अशी मशीन पूर्वी पाहिली नव्हती. खालचा तळ व्हायोलिनसारखा कमरेत बारीक होत गेलेला, आणि काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टीच्या जागी शिंपल्याचे तुकडे बसवलेले. पाकळ्या, पानं, मधे एक पाखरू. धुळीतूनही ते निळेगुलाबी चमकत होते.

"आजानं आणलेली. बोटीवर कामाला व्हता," धाकटा म्हणाला. "आमी शिंपल्याची मशीनच बोलतो तिला."

बाईंनी नेहमीसारखं चाक फिरवलं. वाकून वास घेतला. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पदरानं त्या पाखरावरची धूळ टिपली. त्यांना इतका वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता. मशीनच्या जन्माबद्दल, कुळाबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

"काय बाय?" बाळारामनं विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "भंगार आहे. पार्ट मिळत नाहीत. शिंपले म्हणजे जत्रेतल्या डबीवर लावतात तसले. लोखंडाचा भाव येईल, तोही टेम्पोचं भाडं सुटेल एवढाच."

भावांचे चेहरे आधी पडले आणि लगेच सैल झाले. बाळाराम हसला. "घे गो मंदे! ने तुझी मशीन. टेम्पो मीच करून देतो."

मंदानं डोळ्यांना पदर लावला आणि आत जाऊन आमच्यासाठी सरबत आणलं.

परतीच्या वाटेवर बाईंनी मला एका चहाच्या टपरीशी थांबवलं. बाकावर बसल्या आणि दंडाला धरून मलाही शेजारी बसवलं.

"अगं, जर्मन आहे ती! शिंपल्याचं जडावकाम, एकेक तुकडा हातानं बसवलेला. बाबांनी जन्मात एकदाच पाहिली होती तसली, अलिबागेला कुठल्याशा साहेबाच्या लिलावात. मरेपर्यंत सांगायचे. मी म्हणायचे, बाबा वाढवून सांगतात."

"म्हणजे किंमत आहे तिला?"

"बाळारामची पुढची गाडी येईल तिच्यात. म्हणून तर म्हटलं भंगार!" बाई हसायला लागल्या. चहा सांडेपर्यंत हसल्या. साठी उलटलेली ही बाई आयुष्यात पहिल्यांदा मशीनबद्दल खोटं बोलली होती, आणि शाळा बुडवलेल्या मुलीसारखी खूश होती.

"आणि मंदाला?"

"तिला सांगायचं ना. पण आत्ता नाही. तिच्या पोटात काही राहणार नाही, लगेच भावांना सांगून बसेल. जरा थंड होऊ दे."

मग लग्नसराई आली आणि बाई ब्लाउजांच्या ढिगाऱ्यात बुडाल्या. लग्नसराई सरली, तर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. "मंदाकडे जायचंय" हे पालुपद चालू होतं. तिला कसं सांगायचं, कोणाला विकायला लावायची, मुंबईतला कोणता संग्राहक फसवणार नाही, याचा बाईंनी पूर्ण बेत केला होता. विकायचीच नाही असं मंदा म्हणाली, तर मशीनला कुठलं तेल घालायचं, तेही ठरलेलं होतं. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही करंज्याला गेलो.

बंदरात होड्या लागल्या होत्या, मासळीचा लिलाव ऐन भरात होता. रस्त्याच्या कडेला बोंबील वाळत घातलेले. मंदाचं घर विचारावं लागलं नाही. दारातच कपड्यांच्या दुकानात असते तशा बाहुलीच्या अंगावर शिवलेलं हिरवंगार लुगडं चढवलं होतं. आतून मोटरचा आवाज येत होता. मंदा शिवत बसली होती. नवी पांढरी, विजेवरची मशीन, जपानी कंपनीची. बाईंना पाहिल्यावर ती धावत आली आणि पाया पडली.

"बाय, तुमचे लय उपकार! तुमी नसत्या तर मी अजून त्याच खटाऱ्यावर बसली असती."

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. "ती कुठाय?"

"आयची? दिली ना! पयले जीव होत नव्हता. तिची ती आतली होडी सारखी अडकाची, धागा तुटाचा, मना रडवाची. पण आयची म्हणून ठेवली. मग मशीनचे जुने स्टँड घेणारा एक आला दारावर. मी बोलली, कर्णिकबाय बोलल्यात भंगार हाय, तर मी कशाला जीव अडकवून बसू? त्याला दिली, वर नवऱ्यानं पैसे टाकले, ही घेतली. आता शाळांच्या गॅदरिंगची कोळी डान्सची सगळी लुगडी माझ्याकडं येतात. शिवलेली, चेन लावलेली. दोन पोरी कामाला ठेवल्यात."

मी बाईंकडे पाहिलं. त्या सांगणार, आता सांगणार, असं मला वाटत होतं. मंदा त्या दिवशी भावांच्या स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. भावांना सांगितलेलं खोटं तिनंही ऐकलं होतं, आणि भावांपेक्षा जास्त मनावर घेतलं होतं. एवढी साधी गोष्ट आमच्या दोघींच्याही डोक्यात आली नव्हती.

बाई नव्या मशीनपाशी गेल्या. तिला झाकायला कापडही नव्हतं. टाके पाहिले, चाक फिरवून पाहिलं, वास घेतला. मंदा परीक्षेला बसल्यासारखी उभी होती.

"बरी हाय ना, बाय?"

"वापरा," बाई म्हणाल्या.

मंदानं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवणात ओली कोळंबी होती. बाई सीकेपी, कोळंबी त्यांनी कधी परत पाठवली नव्हती. त्या दिवशी भातच चिवडत बसल्या. परतताना स्कूटीवर एवढंच म्हणाल्या, "गाढव."

"मंदा?"

"ती कशाला? ती चांगली शहाणी निघाली."

नंतर बाईंनी त्या स्टँडवाल्याचा पत्ता काढला. कळंबोलीला त्याचं गोदाम होतं. मशीनचे लोखंडी स्टँड एकावर एक रचून ठेवलेले. त्यांच्यावर काचा टाकून टेबलं करतात, त्यांना फार मागणी, असं तो म्हणाला. शिंपल्याची मशीन त्याला चांगली आठवत होती. स्टँड लगेच गेला होता.

"आणि वरचं डोकं?" बाईंनी विचारलं.

"डोकं कोण घेणार, आजी? डोकी सगळी भट्टीला जातात."

बाई रचलेल्या स्टँडांमधून एक फेरी मारून आल्या. मग त्याला म्हणाल्या, "पुढच्या वेळी शिंपले दिसले तर मला फोन कर." आपला नंबर त्यांनी दोनदा सांगितला. फोन काही आला नाही. तसली दुसरी मशीन कुठून येणार होती?

त्यानंतरही बोलावणी येत राहिली आणि आम्ही जात राहिलो. पण बाईंच्या पद्धतीत फरक पडला. कोणी किंमत विचारली, की त्या कापड खाली सोडत आणि आधी विचारत, "ही कोणाला द्यायची आहे?" लोक गोंधळत. मशीनची किंमत आणि घेणाऱ्याचं नाव यांचा संबंध काय, असं एका इंजिनिअरनं त्यांना विचारलंही. "तुम्हाला वेळ आहे का?" बाई म्हणाल्या. त्याला नव्हता. काही बोलायचं असलं, तर त्या घरच्या बाईला बाजूला घेऊन, दार लावून सांगत. मला बाहेर स्कूटीपाशी थांबावं लागे.

मग आमची इमारत पाडायचं ठरलं. तिच्या जागी सात मजली होणार होती. आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगलो, आणि बाईंनी वर्ग बंद करून बडोद्याला भाचीकडे जायचं ठरवलं. बारा-पंधरा मशिनी होत्या वर्गात. त्या त्यांनी मुलींना देऊन टाकल्या. कोणती कोणाला, याचा त्यांनी चार दिवस विचार केला.

जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना गोवा हायवेवरच्या एका नव्या हॉटेलात जेवायला नेलं. जुन्या वस्तूंनी सजवलेलं हॉटेल होतं ते. भिंतीला बैलगाडीचं चाक, छताला कंदील. बाईंनी भिंतीकडे पाहून नाक मुरडलं आणि सुरमई मागवली. जेवण झाल्यावर त्या हात धुवायला गेल्या. बराच वेळ झाला तरी परत येईनात, म्हणून मी उठून पाहायला गेले.

हात धुवायचं बेसिन एका शिलाई मशीनच्या स्टँडवर बसवलेलं होतं. मंदाच्या मशीनचा नव्हे; साधा, कुठल्याही घरात असतो तसला स्टँड, सोनेरी रंग फासलेला. बाई बेसिनसमोर उभ्या होत्या. नळ सुरू होता, हात केव्हाच धुऊन झाले होते, आणि उजवा पाय खालच्या पायडलवर होता. पायडल हलत होतं. पट्टा नसलेलं चाक सावकाश, एका लयीत फिरत होतं. मागे खरकट्या हातांची रांग लागली होती.

एक वेटर अदबीनं पुढे झाला. "आजी, नळ वरनं चालू होतो. पायानं नाही."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी नळ बंद केला. पाय चालूच होता.